जमिनीपासून वीतभर

गाडीत दोनच सीटा आहेत, हे मला गाडी घेऊन झाल्यावर सांगण्यात आलं.

त्याचं असं झालं. हे, म्हणजे माझे यजमान, पुतणीच्या साखरपुड्याला नागपूरला गेले होते. मला ताप होता म्हणून मी भिलाईलाच राहिले, आणि ती चूक मला पुढे चांगलीच भोवली. परत आल्यावर पिशवी दारातच टाकून हे म्हणाले, "घेतली." मला वाटलं साडी. इतक्या वर्षांत एकदा तरी यांनी आपल्या मनाने साडी घेतली म्हणून मी खूश व्हायच्या बेतात होते. तेवढ्यात हे म्हणाले, "गाडी घेतली. लाल आहे. टप नाही."

"टप नाही म्हणजे? चोरीले गेला का?"

"नाही वं. असतेच तशी. विलायती आहे, रेसची. दोन सीटा."

पंचावन्न वर्षांचा माणूस. मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली, मुलगा रायपूरला हॉस्टेलमध्ये. रिटायरमेंट तीन वर्षांवर आलेली. कोहक्याला घेऊन ठेवलेल्या प्लॉटला साधं तारेचं कुंपण नव्हतं, लोकांच्या म्हशी त्यात निवांत रवंथ करत बसायच्या. त्या प्लॉटसाठी बाजूला टाकलेले पैसे उचलून या माणसाने रेसची गाडी घेतली होती. नेमके किती गेले ते मी विचारलं नाही, कारण ऐकलं असतं तर उतरलेला ताप परत चढला असता.

तसं हे वेड नवीन नव्हतं. हे स्टील प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर होते. भंडाऱ्याकडच्या धानाच्या शेतीतून उठून खलासी, म्हणजे हरकाम्या मजूर म्हणून लागले, आणि काही वर्षांत क्रेनवर गेले ते तिथेच राहिले. शेडच्या छताखालून रुळांवर सरकणारी अवाढव्य क्रेन, तिच्या पोटाला टांगलेली काचेची खोली आणि त्या खोलीत हे. वर जायला लोखंडी शिडी. खाली लालबुंद लोखंड आणि मुंगीएवढी माणसं. पंचवीस वर्षं यांनी जग वरूनच पाहिलं. "मले सगळ्याइचे हेल्मेट पाठ आहेत, तोंडं नाही," असं म्हणायचे. आणि वर बसून बसून यांच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती, ती म्हणजे खाली बसायचं.

तरुणपणी नागपूरला सीताबर्डीवर यांनी तसली एक गाडी जाताना पाहिली होती. आतला माणूस म्हणे इतका खाली बसला होता की हात लांबवला असता तर रस्त्याला लागला असता. ती गाडी यांनी मनातून कधी काढली नाही. आमचं लग्न ठरल्यावर पहिल्याच भेटीत माझ्या आवडीनिवडी विचारायच्या सोडून यांनी मला त्या गाडीबद्दल सांगितलं होतं. मी तेव्हा लाजून मान खाली घातली होती. तेव्हाच मान वर करून दोन शब्द बोलले असते तर पुढचं सगळं वाचलं असतं.

"अवं, जमिनीपासून वीतभर," हे मला त्या दिवशी हाताची वीत करून दाखवू लागले. "रस्ता असा बाजूनं पळते. मले दुसरं काही नाही पाहिजे. रिटायर व्हायच्या आत आपल्या हातानं, जमिनीले लागून, ते गाडी चालवाची आहे."

"खाली बसाचं असन तं हा पाट आहे नं. बसा पाटावर."

यावर हे नुसते हसले आणि आंघोळीला गेले. न भांडणाऱ्या माणसाशी संसार करणं किती अवघड असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

गाडी नागपूरच्या एका डॉक्टरांची होती. डॉक्टर गेले, त्यांच्या पत्नी मुलाकडे राहायला निघाल्या होत्या आणि मागच्या शेडमध्ये ही गाडी झाकून ठेवलेली होती. साखरपुड्याचा हॉल नेमका त्या बंगल्याला लागून. हॉलमधली माणसं जेवत असताना आमचे हे भिंतीवरून पलीकडे बघत होते. इंजिन सुरू व्हायचं, पण टायर जुने आणि ब्रेकची खात्री नाही, तेव्हा नागपूर ते भिलाई एवढा रस्ता ती चालवत आणण्यात अर्थ नव्हता. मग ठरलं की ट्रेलरवर टाकून आणायची.

आता दुसऱ्या गावात अशा वेळी काय करतात मला माहीत नाही. एखादा छोटा टेम्पो बघत असतील, किंवा दोरी बांधून ओढत आणत असतील. भिलाईत ट्रेलर म्हणजे एकच. ज्याच्यावरून लोखंडाच्या प्लेटा जातात तो, आमच्या क्वार्टरपेक्षा लांब आणि चाकं मोजता मोजता कंटाळा येईल असा. रोज नागपूरकडे भरून जातात आणि पुष्कळदा रिकामे परत येतात. तसल्या एका रिकाम्या परतणाऱ्या ट्रेलरच्या ड्रायव्हरला यांनी गाठलं. सोबतीला घेतलं आमच्या शेजाऱ्याला.

हा शेजारी प्लांटमध्ये यांच्याच शॉपमध्ये, म्हणजे खात्यात, रिगर होता. जड माल साखळदंडाने बांधून क्रेनच्या आकड्याला द्यायचा, हे त्याचं काम. हे वर आणि तो खाली, अशी वीस वर्षांची जोडी. दोघं मिळून चाळीस टनांचं धूड सुईच्या टोकावर ठेवतील, पण बाजारातून एक धड नारळ आणता यायचा नाही. दोघांनी दोन दिवसांची रजा टाकली आणि लग्नाला निघाल्यासारखे कपडे करून गेले.

जाताना यांनी आमच्या स्ट्रीटमधल्या एकूण एक घराला सांगून ठेवलं होतं की परवा सकाळी गाडी येणार, पूजेला या. म्हणजे रांधायचं मी. पहाटे उठून मी वीस माणसांच्या पाटवड्या थापल्या, रस्सा केला, शिरा केला. ओवाळणीचं ताट लावलं, चाकाखाली ठेवायला चार लिंबं काढली. हे सगळं करताना माझं तोंड चालूच होतं, ऐकायला कुणी नव्हतं एवढंच. शेजारच्या वहिनी, म्हणजे त्या रिगरची बायको, कणीक मळायला आल्या होत्या. त्यांना मी निक्षून सांगितलं की पूजा करीन, पण मी त्या गाडीत बसणार नाही. टप नसलेल्या गाडीत पदर सांभाळू की जीव सांभाळू?

नऊच्या सुमारास ट्रेलर आला. आमच्या स्ट्रीटच्या तोंडाशीच त्याला वळता येईना. पुढे, मागे, पुढे, मागे करत त्याने कोपऱ्यावरच्या घराची पेरूची फांदी मोडली आणि त्या घराशी आमचं जे काही बरं होतं ते तिथे संपलं. शेवटी एकदाचा तो धूळ उडवत आमच्या दारापुढे उभा राहिला. त्या एवढ्या लांबरुंद बेडवर मधोमध ती लाल गाडी होती, मोठ्या परातीत एकच भजं उरावं तशी. ड्रायव्हरच्या शेजारून हे आणि रिगर दोघं हात हलवत होते. निवडून आल्यासारखे.

केबिनच्या दांड्याला लोंबकळत हे उतरले आणि म्हणाले, "ओवाळ."

"काय ओवाळू? वर आहे ते."

"इथून दाखव ताट. पोचते."

मी खालून ताट फिरवलं. कुंकू उडवलं ते ट्रेलरच्या चाकावर पडलं. रिगरने उत्साहाने नारळ हाणला तोही त्याच चाकावर फुटला. ड्रायव्हरला वाटलं, त्याच्या ट्रेलरचीच पूजा चालली आहे. बिचारा दोन्ही हात जोडून उभा राहिला आणि नंतर नारळाची दोन्ही शकलं आणि ताटातली दक्षिणा उचलून केबिनमध्ये ठेवून आला. त्याला कोण सांगणार? आमचे हे तर त्याच्याकडे बघतही नव्हते. यांचं सगळं लक्ष वर होतं.

मग गाडी उतरवायची वेळ आली. कुणी घरं बांधणाऱ्या ठेकेदाराकडून जाड फळ्या आणल्या होत्या, त्या ट्रेलरला लावल्या. आठ-दहा माणसं वर चढली. आमच्या स्ट्रीटमध्ये उचलणाऱ्यांची कमी नव्हती, सगळे लोखंडातलेच. एकाने गाडीचा हँडब्रेक सोडला, बाकीच्यांनी ढकललं. गाडी हलली नाही. परत ढकललं. हलायचं नाव नाही. कुणीतरी ओणवं होऊन खाली पाहिलं आणि बराच वेळ तसाच ओणवा राहिला.

गाडी ट्रेलरला वेल्ड केलेली होती.

मला आधी कळेचना. मी वहिनींना विचारलं, वेल्ड म्हणजे तेच का, ठिणग्या उडतात ते? त्यांनी मान डोलावली आणि आपल्या नवऱ्याकडे असं काही पाहिलं की त्याने खांद्यावरचा टॉवेल उगाच झटकला. मग पूजेच्या गडबडीत जे सांगायचं राहिलं होतं ते त्या दोघांनी सगळ्यांच्या समोर सांगितलं, ते असं. प्लांटमध्ये ट्रेलरवर मोठं मशीन पाठवायचं असलं की ते वाटेत सरकू नये म्हणून त्याच्या पुढे-मागे लोखंडाचे तुकडे ट्रेलरला वेल्ड करतात. पोचल्यावर कापून टाकतात. वीस वर्षं दोघांनी हेच पाहिलेलं, हेच केलेलं. नागपूरच्या ट्रान्सपोर्टच्या यार्डात वेल्डर बसलेलाच होता. चाकांच्या पुढे-मागे अँगलचे तुकडे लावून झाले. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण यांच्या मनाला काही पटेना. हे म्हणाले, हलली नाही पाहिजे. मग रिगरने गाडीच्या खालच्या फ्रेमपासून ट्रेलरपर्यंत चार पट्ट्या लावून घेतल्या.

"टाकाच मार म्हटलो होतो मी," हे म्हणाले. टाका म्हणजे नुसता एक ठिपका, छिन्नीने उडवता येतो तेवढा.

"भाऊजी, तुमीच तं म्हणून राहिले होते, हलली नाही पाहिजे," रिगर म्हणाला. "म्हणून म्या पुरी शिलाई मारून घेतली. इंचभर नाही हलली, नागपूर ते भिलाई."

यात त्याला खरोखर अभिमान वाटत होता.

आता पट्ट्या कापायला गॅस कटर हवा. कटर प्लांटमध्ये. आख्ख्या आशियाचं लोखंड कापून निघेल एवढं सामान आमच्यापासून दोन किलोमीटरवर होतं, आणि त्यातलं घरी आणायची परवानगी एका हातोडीचीही नव्हती. कोण म्हणालं सुपेल्याला वेल्डिंगच्या दुकानातून आणू, कोण म्हणालं रविवार आहे, दुकान बंद. एकाने तर हेक्सॉ ब्लेडने कापायला सुरुवातही केली. अर्ध्या तासात पट्टीवर नखाएवढी रेघ पडली आणि तीन ब्लेडं मोडली. ड्रायव्हर घड्याळ बघत होता. शेवटी तो माझ्यापाशी आला. इतक्या माणसांत मीच काय ती शहाणी, हे त्याच्याही लक्षात आलं असावं.

"माताजी, मुझे बारह बजे रसमड़ा में लोडिंग पे लगना है. उतारते हो तो उतारो, नहीं तो मैं लेके जा रहा हूँ."

"घेऊन जा," मी म्हटलं. "बाप्पा, घेऊनच जा."

आणि तो खरंच घेऊन गेला. दुर्गच्या पलीकडे रसमड्याच्या ज्या कारखान्यात त्याला माल भरायचा होता तिथे कटरही होता आणि क्रेनही होती, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. हे आणि रिगर परत केबिनमध्ये चढले. ट्रेलर उलटा उलटा करत स्ट्रीटबाहेर निघाला, जाताना उरलेल्या पेरूलाही लागला. पूजा झालेली गाडी ज्या वाटेने आली त्याच वाटेने दारावरून परत गेली, आणि मी हातात ओवाळणीचं ताट घेऊन वीस माणसांसमोर उभी. त्या क्षणी मला यांचा जेवढा राग आला तेवढा तीस वर्षांत आला नव्हता.

लोक जेवून गेले. पाटवड्या चांगल्या झाल्या होत्या असं सगळे म्हणाले. गाडीबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि ते जास्त लागलं. एकानं जाताना फक्त एवढं विचारलं, "वहिनी, पुन्हा कधी येणार आहे?" मी म्हटलं, पुढच्या शोभायात्रेत.

चारच्या सुमारास रिगर एकटाच बसने आला. अंगभर गंज, पण तोंड फुललेलं. पट्ट्या कापल्या, गाडीच्या पोटाला थोडा काळा डाग पडला, बाकी काही नाही. तिथल्या क्रेनने गाडी उचलून खाली ठेवली. क्रेन चालवणारा पोरगेलासा होता, त्याने जरा झटक्याने उचलली तर यांनी खालून त्याला असा काही झापला की त्या कारखान्याचा मॅनेजर बाहेर आला. मग दुर्गवरून कॅनमध्ये पेट्रोल आणलं, टायरमध्ये हवा भरली, ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून पाहिले. "आता येऊनच राहिले भाऊजी. सोता चालवत."

रसमड्याहून दुर्ग, दुर्गहून भिलाई. मी दहा वेळा फाटकापर्यंत जाऊन आले. दर वेळी स्वतःला बजावत होते की आले की आधी बोलून घ्यायचं. काय बोलायचं ते सकाळपासून जमवून ठेवलं होतं, नुसतं एकामागून एक सोडायचं बाकी होतं.

ऊन कलल्यावर कोपऱ्यावर आवाज आला. आमच्या स्ट्रीटला दोन्ही बाजूंनी मेंदीचं कुंपण होतं, कमरेएवढं. त्या कुंपणावरून एक डोकं नुसतं सरकत येताना दिसलं. गाडी दिसत नव्हती, खांदे दिसत नव्हते, फक्त यांचं डोकं. केस उभे राहिलेले, चेहऱ्यावर धूळ, आणि दात दिसत होते. मी यांना असं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. पोरं झाली तेव्हाही हे इतके हसले नव्हते. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडले त्या वेळी. सगळं जमवून ठेवलेलं बोलणं कुठल्या कुठे गेलं आणि मी ताट आणायला आत पळाले.

यांनी गाडी फाटकाशी लावली. मी ओवाळलं, लिंबं ठेवली, या वेळी कुंकू जागच्या जागी लागलं. आजूबाजूचे पुन्हा आले, गाडीला हात लावून गेले. रिगर म्हणाला, "भाऊजी, उतरा बरं. एक चक्कर मी मारतो." हे म्हणाले, उद्या. त्याचं तोंड जरा उतरलं. बरोबरच होतं, दोन दिवस त्याने खस्ता खाल्ल्या होत्या. तो गेला.

मी चहा ठेवायला निघाले. हे म्हणाले, "इथंच दे." म्हटलं, बरं, आज हौस आहे. चहा गाडीत दिला. बशी परत घेतली. माणसं पांगली. तुळशीपाशी दिवा लावून झाला तरी हे गाडीतच. मी ओसरीतून हाक मारली. "येतो," म्हणाले. दुसऱ्यांदा मारली. "थोडं बसतो." सकाळपासून उपाशी माणूस, रस्सा तीनदा गरम करून झालेला. मग मात्र माझं टाळकं सरकलं. मी फाटकाशी गेले आणि काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. प्लॉटपासून सुरुवात केली, म्हशींवर आले, पेरूवर आले, वीस माणसांसमोर झालेल्या शोभेवर आले. शेवटी म्हटलं, "एवढीच आवडली तं झोपा आता इथंच. गादी आणून देऊ का?"

हे स्टिअरिंगकडे बघत होते. हळूच म्हणाले, "उठता नाही येऊन राहिलं."

"म्हणजे?"

"गुडघे. खाली गेले का वर येत नाही. वरतं धराले काही पाहिजे." मग डोक्यावरच्या मोकळ्या हवेत हात फिरवून म्हणाले, "इथं टप नाही."

मला वाटलं दिवसभराचा थकवा असेल. म्हटलं, नागपूरला बसून नव्हती पाहिली? तर म्हणाले, तिथे शेडमध्ये गाडी विटांवर चढवून ठेवलेली होती, चाकं काढून. स्टुलावर बसावं तसे हे तासभर बसले आणि तसेच उठले. चाकं लावली ती न्यायच्या दिवशीच, आणि तिथून ती ढकलत यार्डात आणि क्रेनने ट्रेलरवर गेली. गाडी खरी किती खाली आहे ते यांना आज रसमड्याला तीत बसल्यावर कळलं. दुर्गला चहा प्यावासा वाटला तरी उतरले नव्हते.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"होईन चार वर्सं."

चार वर्षं. मी तिथेच फाटकाला टेकले. जेवायला टेबल घ्यायचं म्हणून हे हटून बसले होते तेव्हा मी यांना साहेब म्हणून चिडवलं होतं. संडासातला नळाचा पाईप दोनदा भिंतीतून उखडला, तेव्हा मी मेंटेनन्सवाल्यांना दारात उभं करून शिव्या घातल्या होत्या. मी एकेक गोष्ट पाहिली होती, तिच्यावर भांडले होते, आणि एकदाही यांच्या पायांकडे पाहिलं नव्हतं.

"आणि क्रेनवर कसे चढता?"

"हातावर. शिडीले वरतं धराले राह्यते नं. शिफ्टच्या आंधी पाऊण घंटा जातो, कोणी येत नाही तोवर. चढून घेतो." मग पहिल्यांदा यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणाले बोलवू नको. शेजारच्याले तं नाहीच नाही. उद्या शॉपमध्ये मालूम होईन, मेडिकलमध्ये बोलावतीन, अनफिट करतीन. तीन वर्सं राह्यले. मले वरून दुसऱ्या कोणी उतरवू नये. मी माझा उतरीन."

मला रडू आलं ते रागानेच आलं. चार वर्षं हा माणूस हातावर लोंबकळत कामाला जात होता, आणि शेजारी झोपणाऱ्या बायकोला पत्ता नव्हता. म्हटलं, धोका आहे. म्हणाले, वर बसल्यावर गुडघ्याचं काही काम नाही. म्हटलं, मला तरी सांगायचं. म्हणाले, "तू चूप राह्यली असती का?"

मी घरातून जुनं नऊवारी आणलं, माझ्या सासूचं, ते लवकर फाटत नाही म्हणून. हे हलक्या आवाजात सांगत गेले आणि मी करत गेले. काखेतून घाल. मागं गाठ नको, पुढं घे. दारातून वाकून नको ओढू, कंबर जाईन. मागच्या बाजूनं उभी राह्य, आधी तू बस, मग माह्यासंगं उठ. घाई नको. थांब. आता. पहिल्यांदा जमलं नाही आणि आम्ही दोघं सीटवर कोसळलो. शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं काय पडलं, मी म्हटलं मांजर. दुसऱ्यांदा हे उभे राहिले. माझ्या खांद्यावर पूर्ण भार टाकून, मेंदीला धरून उभे राहिले आणि बराच वेळ तसेच श्वास घेत होते. यांचं वजन किती आहे ते मला तीस वर्षांनी पहिल्यांदा कळलं.

आत आल्यावर जेवताना हे म्हणाले, "विकून टाकू?"

सकाळी कुणी मला हे विचारलं असतं तर मी गावभर शिरा वाटला असता. मी म्हटलं, "जेवा आधी."

गाडी विकली नाही. दर रविवारी सकाळी हे ती काढायचे, दुर्गपर्यंत जायचे, कधी रसमड्याच्या पुढे रिकाम्या रस्त्यावर जायचे आणि हात बाहेर लांबवून रस्ता किती जवळ आहे ते मला दाखवायचे. मला म्हणजे शेजारच्या सीटवर बसलेल्या मला. मला जावंच लागायचं. घरी परत आल्यावर यांना उठवणारी दुसरी कोण होती? मांडीवर ते नऊवारी घडी करून ठेवलेलं, लोकांना वाटायचं वाऱ्यासाठी. वाटेत हे कुठेच उतरायचे नाहीत. बाजारात मी उतरायची, भाजी मी घ्यायची. ओळखीच्यांच्या दारात गाडी थांबली तर चहा गाडीपाशी यायचा, आणि तो आणणाऱ्याच्या तोंडावर काय लिहिलेलं असायचं ते मला वाचता यायचं. रिगरने त्या दिवसानंतर चक्कर कधी मागितली नाही. तीन वर्षं हे पाऊण तास आधी निघत राहिले, आणि शेवटच्या दिवशी आपले आपण शिडी उतरून घरी आले.

त्या तीन वर्षांत एका रविवारी शेजारच्या वहिनींनी फाटकापाशी मला गाठलं. हे गाडीत बसून वाट बघत होते. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "राग नका मानू, पण सगळा स्ट्रीट बोलून राह्यला. भाऊजी आता कोणाच्या दारात उतरत बी नाहीत. आमच्या नव्या बांधलेल्या घराच्या वास्तूले बी गाडीतूनच हात जोडून गेले. इतका काहून माज आला त्याइले?"

मी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही, आणि यांच्याबद्दल दुसऱ्याने बोललेलं तर कधीच नाही. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं.

"भलताच माज आला," मी म्हटलं. "मी बी कटाळली." आणि पदर खोचून यांच्या शेजारी जाऊन बसले.